ओल्ड वर्ल्ड पाचव्या एडिशनमधे आणायचं म्हणजे काय, थोडी पार्श्वभूमी

आपल्या राजारामपुरीच्या ग्रुपात पुढचं कॅम्पेन, म्हणजे बऱ्याच बैठकांत चालणारी एक सलग गोष्ट, वॉरहॅमर या गेमच्या ओल्ड वर्ल्ड नावाच्या जगात करायचं ठरलंय, पण रूल्स डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या एडिशनचेच, कारण सगळ्यांना तेच पाठ आहेत आणि शिरोलीत फौंड्रीत शिफ्ट मारून आलेल्या माणसाला नवीन जाडजूड रूलबुक वाच म्हणायचं म्हणजे शिव्या खायच्या. ते पटलं मला. पण "नावं बदलली की झालं, त्यात काय एवढं" असं जे चाललंय ना, त्यासाठी हे लिहितोय. एका गेमचं काळंकुट्ट जग उचलून दुसऱ्या गेममधे नेऊन ठेवायचा उद्योग लोक कितीतरी वर्षं करतायत, आणि कुणी कुठं माती खाल्ली ते बघायला मिळतंय तर बघून घेऊ की.

वॉरहॅमर मुळात रोलप्ले, म्हणजे प्रत्येकानं एकेक पात्र होऊन खेळायचा गेम, नव्हताच. 1983 मधे गेम्स वर्कशॉप या इंग्लंडातल्या कंपनीनं काढला तो मिनिएचरच्या लढाईचा गेम, टेबलावर फौजा मांडायच्या आणि भिडायचं. 1986 ला त्याच जगावर वॉरहॅमर फँटसी रोलप्ले आला आणि गंमत तिथं झाली. फौजेच्या गेममधे राजे, सेनापती, मोठेमोठे हिरो यांची चलती, पण रोलप्लेवाले थेट गल्लीत उतरले. एम्पायर नावाचं राज्य, सोळाव्या-सतराव्या शतकातल्या जर्मनीच्या होली रोमन एम्पायरवरून बेतलेलं, छापखाने आलेत, बंदुका आल्यात, सरदार एकमेकांचे गळे धरतायत, धर्माच्या नावानं माणसं जाळतायत, उत्तरेकडनं केऑस, म्हणजे जग नासवणारी राक्षसी शक्ती, येतोय आणि त्याचे भक्त नगरपालिकेतच बसलेत. आणि यात तुम्ही कोण? ते फासा ठरवणार. ग्रेव्ह रॉबर निघेल, बोटमन निघेल, आणि नशीब जोरावर असेल तर रॅट कॅचर, म्हणजे उंदीर पकडणारा, ज्याच्या सुरुवातीच्या सामानात काठीला लटकवलेले मेलेले उंदीर आणि एक छोटं पण लई खुनशी कुत्रं असतं. चिलखत नाही, घराणं नाही, खानदानी तलवार नाही. या एका कॅरेक्टरवर लोकांचं जेवढं प्रेम आहे तेवढं कुठल्या पॅलाडिनवर, म्हणजे चिलखतातल्या धर्मवीरावर, नसेल.

पण हे जग फक्त वर्णनानं काळं नाही. दुसऱ्या एडिशनमधे, म्हणजे 2005 च्या, माणसाचा तलवार चालवायचा आकडा 20 अधिक दोन दहाबाजूंचे फासे असा निघतो, सरासरी 31. म्हणजे शंभरात एकतीस वेळा वार लागणार, बाकी वेळा हवेत. वूंड्स, म्हणजे मार सोसायची ताकद, संपले की नुसतं बेशुद्ध पडत नाही, क्रिटिकल टेबल उघडतं आणि त्यात हात, डोळा, पाय, काय जाईल ते जाईल. जादूगारानं जास्त ताकद लावायला जास्त फासे टाकले आणि त्यात दोन-तीन सारखे आकडे पडले की केऑसचा झटका त्यालाच. जीव वाचवायला फेट पॉइंट, ते पण हातावर मोजण्याइतके आणि एकदा जाळला की कायमचा गेला. त्यामुळं खेळणारा आपोआप घाबरून वागतो, डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, अंधाराचं लंबंचवडं वर्णन करावंच लागत नाही.

आता हेच आपल्याकडं बघा. गटारात मारामारी झाली, रॅट कॅचरच्या मांडीत सुरा गेला. तिकडं जखम चिघळणार, न्हावी-सर्जनला पैसे द्यायचे, काही आठवडे लंगडायचं, तोपर्यंत भाडं थकणार. इकडं पाचव्या एडिशनमधे आठ तासांचा लाँग रेस्ट, म्हणजे रात्रीची झोप, एचपी (हिट पॉइंट) फुल्ल, सकाळी मिसळ हाणून गडी परत गटारात. हा पाचव्या एडिशनचा दोष नाही, तो गेमच तसा आहे. 1974 ला डी अँड डी आला तोच वॉरगेममधनं, आणि 1979 च्या डंजन मास्टर्स गाइडमधे गॅरी गायगॅक्सनं, म्हणजे डी अँड डीच्या एका कर्त्यानं, लिहूनच ठेवलंय की हिट पॉइंट म्हणजे नुसतं रक्तमांस नाही, त्यात कौशल्य आणि नशीब पण धरलंय. लेव्हलबरोबर, म्हणजे पात्र अनुभवानं टप्पे चढेल तसं, ते वाढणार, आणि वाढलं की माणूस कशाला भीत नाही.

या भिंतीवर डोकं आपटणारे आपण पहिले नाही. 2000 साली विझार्ड्स ऑफ द कोस्टनं, म्हणजे डी अँड डीच्या कंपनीनं, तिसरी एडिशन काढताना ओपन गेम लायसन्स दिलं, d20 चे, म्हणजे वीसबाजूंच्या फाशावर चालणारे, रूल्स कुणीही वापरा म्हणाले, आणि मग नुसता पूर आला. ज्याच्या हातात कुठलं जग होतं त्यानं ते d20 मधे ओतलं. मूरकॉक या लेखकाच्या एलरिकच्या कथांच्या जगावर केऑसियम कंपनीचा 1981 पासूनचा स्वतःचा चांगला गेम होता, तरी 2001 ला त्यांनी त्याचंही d20 पुस्तक काढलं. दुकानात तेच खपत होतं, दुसरं काय.

शिकण्यासारखं आहे ते 2002 चं कॉल ऑफ कथुलू d20. मूळ गेम 1981 चा, साधी माणसं, प्रोफेसर, पत्रकार वगैरे, नको ते बघतात आणि सॅनिटी, म्हणजे डोकं किती ठिकाणावर आहे तो आकडा, घसरत जाते. त्यांना लेव्हल दिल्या की एचपी वाढणार, आणि मग प्रोफेसरसाहेब राक्षसाचे चार तडाखे खाऊन उभे. मग लिहिणाऱ्यांनी एक मेख मारली. डी अँड डी मधे एका फटक्यात 50 डॅमेज बसला तर जगतोय का मरतोय याचा सेव्ह, म्हणजे वाचण्यासाठीचा फासा, टाकावा लागायचा, इथं तो आकडा 10 वर आणला. एवढाच बदल, पण बंदूक दिसली की टेबलावरची माणसं परत खाली वाकायला लागली.

मातीतला पैलवान मॅटवर गेला की काय होतं ते खासबागच्या गावात मी सांगायला नको. गडी तोच, डाव तेच, पण मातीत चितपट केल्याशिवाय निकाल नाही आणि मॅटवर पॉइंट आणि घड्याळ, त्यामुळं तोच गडी वेगळा खेळायला लागतो. सेटिंगचं तसंच आहे, नकाशा आणि देवांची नावं नेली म्हणजे ते जग आलं असं होत नाही, खेळणारा बक्षीस कशाला मिळतंय तेच बघून खेळणार.

माझ्या मते सगळ्यात नीट काम सिम्बारुमवाल्यांनी केलंय. 2014 चा स्वीडिश गेम, डावोकार नावाचं जंगल, त्यात पडलेलं जुनं साम्राज्य, आणि जादू केली की अंगात करप्शन, म्हणजे काळी नासाडी, चढतं. स्वतःच्या रूल्समधे गेम मास्टर (आपला डीएम) फासे टाकतच नाही, सगळे खेळणाऱ्यांनीच टाकायचे. नंतर फ्री लीग कंपनीनं त्याची पाचव्या एडिशनची आवृत्ती काढली तेव्हा ही सवय सोडून दिली, पण करप्शन सोडलं नाही. उलट स्पेल स्लॉटच, म्हणजे दिवसाला किती मंत्र टाकता येतात ती मर्यादाच, काढून टाकली. स्पेल टाक पाहिजे तेवढे, प्रत्येकाला करप्शन साठत जाणार, मर्यादा ओलांडली की अंगावर खुणा उमटणार आणि शेवटी तूच राक्षस. काय सोडायचं आणि काय काहीही झालं तरी धरून ठेवायचं हे त्यांना बरोब्बर कळलं होतं. नाद खुळा.

काहींनी हा खटाटोपच सोडला आणि आपला गेम लिहिला. वॉरहॅमरच्या दुसऱ्या एडिशनवर काम केलेल्या रॉबर्ट श्वाल्बनं शॅडो ऑफ द डेमन लॉर्ड काढला, त्वाइहँडर हा गेम तर जुन्या वॉरहॅमरच्याच वळणावर गेलेला. तो रस्ता आपल्याला नको, कारण तिथं परत नवीन पुस्तक आलंच.

कायद्याचं कुणीतरी विचारलेलं म्हणून. जानेवारी 2023 मधे विझार्ड्सनं ते ओपन लायसन्स बदलायचा घाट घातला, लोक खवळले आणि महिना संपायच्या आत कंपनीनं पाचव्या एडिशनचे मूळ रूल्स क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळे केले. पण जग गेम्स वर्कशॉपचं ते त्यांचंच. घरी खेळा, पीडीएफ करून विकायला जाऊ नका.

तर आपलं असं. 2014 च्या डंजन मास्टर्स गाइडमधेच ग्रिटी रिअॅलिझम म्हणून पर्याय आहे, शॉर्ट रेस्ट आठ तासांचा आणि लाँग रेस्ट सात दिवसांचा, तो घ्यायचा. त्याच पुस्तकातलं कायमच्या जखमांचं टेबल पण घ्यायचं, एचपी शून्यावर आले की त्याचा फासा टाकायचा. स्पेल स्लॉट काढायचे नाहीत, तेवढी ताकद माझ्यात नाही, पण तिसऱ्या लेव्हलच्या वरचा प्रत्येक स्पेल टाकताना सोबत एक शंभराचा फासा टाकायचा आणि आकडा वाईट आला तर केऑसचं टेबल. करिअर, म्हणजे पात्राचा धंदा, फाशावरच, "मला एल्फ रेंजरच पाहिजे" चालणार नाही भावांनो. काळ 2015 मधे एंड टाइम्स नावाच्या कथेत गेम्स वर्कशॉपनं ते जग मोडून टाकलं त्याच्या आधीचा धरायचा. फेट पॉइंट दोन द्यायचे का तीन यावर अजून भांडण चालू आहे, माझं मत दोन, आणि कुत्रं मेलं तर त्याला फेट पॉइंट वापरता येणार नाही हे आत्ताच सांगून ठेवतो.