राँटजेन, रॅड, ग्रे: किरणांच्या मात्रेची मापे कशी बदलत गेली

उडीद-मुगाच्या बियाण्यावर गामा किरणांचा प्रयोग करायचा म्हटले की परभणीच्या कृषी विद्यापीठातला विद्यार्थी आधी जुने शोधनिबंध चाळायला घेतो. मराठवाड्याला हा विषय परका नाही. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने १९८५मध्ये दिलेला टीएयू-१ हा उडदाचा वाण अशाच उत्परिवर्तनाच्या कामातून आलेला. अडचण येते ती आकड्यांची. एका निबंधात मात्रा २० किलोराँटजेन, दुसऱ्यात २० किलोरॅड, अलीकडच्यात २०० ग्रे. तिन्ही सर्रास एकच धरतात. शेवटच्या दोन खरोखरच एक आहेत, पहिली नाही.

१८९५मध्ये विल्हेल्म राँटजेनने क्ष-किरण शोधले तेव्हा ते मोजायचे कसे, हा प्रश्नच होता. डॉक्टर कातडीकडे बघत. ती लाल झाली की मात्रा पुरी. पुढे १९०४च्या सुमारास साबुरो आणि न्वारे यांच्या बेरियम प्लॅटिनोसायनाइडच्या टिकल्या आल्या. किरण लागले की टिकलीचा रंग हिरवटाचा पिवळट-तपकिरी होई आणि तो नमुन्याच्या रंगाशी ताडून बघत. उजेड कसा आहे आणि बघणाऱ्याची नजर कशी आहे, यावर रुग्णाची मात्रा ठरायची. आज अंगावर काटा येतो.

१९२८मध्ये स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत पहिले सर्वमान्य एकक ठरले, राँटजेन. किरणांनी हवेत किती विद्युतभार मोकळा केला, ते मोजायचे. आजच्या भाषेत एक राँटजेन म्हणजे एक किलो हवेत ०.०००२५८ कूलंब. काटेकोर, कुठल्याही प्रयोगशाळेत पुन्हा मोजता येणारे माप. पण ते हवेचे होते. रुग्णाच्या पेशींत किंवा बियाण्यात किती ऊर्जा मुरली, हे त्यात कुठेच नव्हते.

पायलीचे किलो करा म्हटले तर आपल्याकडची आजीसुद्धा आधी विचारते, कशाची पायली? ज्वारीची की करडईची? धान्य कळल्याशिवाय हिशोब बसत नाही. राँटजेनचे तसेच आहे. एक राँटजेन हवेत ०.८७६ रॅड (हे मुरलेल्या ऊर्जेचे माप, त्याची गोष्ट पुढे) देतो, मऊ ऊतीत साधारण ०.९६, आणि कमी ऊर्जेचे क्ष-किरण असतील तर हाडात चारच्या आसपास.

न्यूट्रॉन आल्यावर तर राँटजेन उघडाच पडला, कारण त्याची व्याख्या फक्त क्ष आणि गामा किरणांपुरती. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लुई हॅरॉल्ड ग्रे तेव्हा बाकल्याच्या मुळांवर न्यूट्रॉन सोडून त्यांची वाढ किती खुंटते ते बघत होता. वेगवेगळ्या किरणांची तुलना करायची तर मुळात शोषली गेलेली ऊर्जाच मोजली पाहिजे, असे त्याचे म्हणणे. या एककांच्या कथेत मला तोच खरा नायक वाटतो. अमेरिकेत हर्बर्ट पार्करने ‘रेप’ नावाचे एकक काढले, पण त्याची किंमत कुणी ग्रॅमला ८३ अर्ग (अर्ग हे ऊर्जेचे छोटे एकक) धरी, कुणी ९३. शेवटी १९५३मध्ये रॅड आला: ग्रॅमला १०० अर्ग, पदार्थ कोणताही असो. ट्रॉम्बेला १९७४मध्ये वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करणारे आयसोमेड सुरू झाले तेव्हा मात्रा मेगारॅडमध्येच बोलली जाई, २.५ मेगारॅड, म्हणजे आजचे २५ किलोग्रे.

१९७५मध्ये, ग्रेच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, त्याचे नाव एककाला मिळाले. एक ग्रे म्हणजे किलोला एक ज्यूल, म्हणजेच १०० रॅड. इथे फक्त दोन शून्यांचा खेळ आहे. मराठवाड्याचा केशर आंबा अमेरिकेला पाठवायचा तर किमान ४०० ग्रे लागतात. जुन्या मापात ४० किलोरॅड. रेडिओथेरपीतल्या डॉक्टरांनी तेवढाही त्रास घेतला नाही. एक सेंटीग्रे म्हणजे एक रॅड, म्हणून ते ‘दोनशे सेंटीग्रे’ म्हणतात आणि पाठ असलेले आकडे तसेच चालू राहतात. (एक्स-रे विभागातल्या बॅजवरचे मिलिसिव्हर्ट वेगळे. ते अपायाचे माप, त्याचे जुने भावंड रेम.)

ग्रेची ऊर्जा दिसायला अगदी किरकोळ. सगळ्या अंगाला एकदम ४ ग्रे लागले तर उपचाराविना माणूस दगावू शकतो, पण तेवढ्या ऊर्जेने पाणी जेमतेम एक हजारांश अंश सेल्सियसने तापते.

आता ते २० किलोराँटजेन. बियाणे ऊतीसारखे धरले तर होतात १९० ग्रेच्या आसपास. बियाण्यातला ओलावा थोडा बदलला तरी परिणामात याहून मोठा फरक पडतो, त्यामुळे शेतात हे चार-पाच टक्के फारसे जाणवत नाहीत. रेडिओथेरपीत मात्र एवढी चूक चालत नाही. तरी निबंधाचा ‘साहित्य व पद्धती’ हा भाग वाचल्याशिवाय रूपांतर करू नये. गामा चेंबरची, म्हणजे बियाण्यावर किरण सोडणाऱ्या यंत्राची, मात्रा फेरस सल्फेटच्या फ्रिके द्रावणाने तपासली असेल, तर ते द्रावण थेट शोषलेली ऊर्जाच दाखवते. मग लेखकाने किलोराँटजेन लिहिले तरी मोजले होते रॅडच, आणि सरळ २०० ग्रे धरायला हरकत नाही.