निमज्जन क्षेत्रातील खोल कंप

एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो तेथे सु. ३०–४५ किमी. खोलीवर उद्भवणारी क्षीण, तासन्‌तास किंवा काही आठवडे टिकणारी भूकंपीय कंपने. त्यांची ऊर्जा मुख्यतः १–१० हर्ट्‌झ या पट्ट्यात आढळते. ज्वालामुखींखालील कंपांशी नोंदीत साम्य असले, तरी येथे शिलारसाचा संबंध नसतो.

कोबेच्या १९९५ मधील भूकंपानंतर जपानने हाय-नेट हे भूकंपमापकांचे जाळे उभारले. त्यातील उपकरणे १०० मी. किंवा अधिक खोल विंधनविवरांत असल्याने पृष्ठभागावरील गोंगाट घटला. याच नोंदींवरून काझुशिगे ओबारा यांनी २००२ मध्ये नैर्ऋत्य जपानमधील सु. ६०० किमी. लांबीचा कंपपट्टा दाखवून दिला. कॅस्केडियात (कॅनडा व अमेरिकेचा पॅसिफिक किनारा) हर्ब ड्रागर्ट व सहकाऱ्यांना जीपीएसमध्ये मंद सरकणे (भूपट्टांच्या सीमेवर धक्क्याविना, संथपणे होणारी हालचाल) २००१ मध्येच दिसले होते. हे सरकणे आणि कंप एकाच वेळी व दर सु. १४ महिन्यांनी होतात, हे गॅरी रॉजर्स व ड्रागर्ट यांनी २००३ मध्ये मांडले.

कंपाचे स्थान ठरविणे अवघड असते. प्राथमिक व द्वितीयक तरंगांचे (भूकंपाच्या प्रथम व त्यामागून पोहोचणाऱ्या तरंगांचे) आगमन स्पष्ट दिसत नाही, त्यामुळे नेहमीची रीत निरुपयोगी ठरते. नोंद गाळून तिची बाह्यरेषा (कंपनांच्या तीव्रतेतील चढउतार दाखविणारी रेषा) काढतात व अनेक केंद्रांवरील बाह्यरेषा जुळवून वेळेतील फरक मोजतात. वारा किंवा वाहतूक यांचा गोंगाट दूरदूरच्या केंद्रांवर सारखा उमटत नाही, म्हणून तो वगळता येतो. या पद्धतीने आडवे स्थान बरे मिळते, परंतु खोलीत मोठी चूक राहते. उगमाविषयीचा बराच वाद या चुकीतूनच वाढला.

ओबारा यांनी प्रथम खाली जाणाऱ्या भूपट्टातून सुटणाऱ्या द्रवाकडे बोट दाखविले होते. द्रवाच्या वाहण्याने किंवा त्यामुळे भेगा फुटल्याने कंप होत असतील, तर ते मोठ्या जाडीत विखुरलेले असावेत. कॅस्केडियातील काही अभ्यासांत तसे विखुरलेले कंप आढळलेही. याउलट डेव्हिड शेली, ग्रेगरी बेरोझा, सातोशी इदे प्रभृतींनी २००६–०७ मध्ये नैर्ऋत्य जपानमधील शिकोकू बेटाखालील कंप हा अल्पवारंवारतेच्या सूक्ष्म भूकंपांचा थवा असल्याचे दाखविले. ज्ञात सूक्ष्म भूकंपांचे तरंगाकार अखंड नोंदीत शोधून त्यांनी ते वेगळे केले. त्यांच्या नाभी (उगमबिंदू) भूपट्टांच्या सीमेवर पडल्या आणि सरकण्याची दिशा भूपट्टांच्या गतीशी जुळली. निदान नैर्ऋत्य जपानपुरते तरी सीमेवरील कर्तन-सरकणे (दोन भूपट्ट एकमेकांना घासत सरकणे) हेच स्पष्टीकरण अधिक समाधानकारक वाटते. कंपांत उच्च वारंवारतेची ऊर्जा का कमी असते, याविषयी मात्र मतभेद आहेत : काहींच्या मते भंगच मंद असतो, तर काही जण उगमाजवळच्या खडकांतील तरंगशोषणावर भर देतात.

द्रव तरीही महत्त्वाचाच. दाब व तापमान वाढताना खाली जाणाऱ्या भूपट्टातील बेसाल्टचे एक्लोजाइट (अधिक घन खडक) होते आणि खनिजांतील पाणी सुटते. वरच्या खडकातून ते सहज निसटत नसल्याने रंध्रदाब (खडकांच्या छिद्रांतील द्रवाचा दाब) वरील खडकांच्या जवळजवळ भाराइतका चढतो, परिणामी सीमेवरील घर्षण घटते. प्राथमिक व द्वितीयक तरंगांच्या वेगांचे गुणोत्तर सामान्य खडकांत सु. १.७३ असते, कॅस्केडियात या थरात ते २ च्या वर मोजले गेले आहे; हे उच्च दाबाच्या द्रवाचे लक्षण मानतात. घर्षण घटल्याचा सर्वांत बोलका पुरावा भरती-ओहोटीचा. ३५ किमी. खोलीवर भार सु. १० लाख किलोपास्कल असतो, तर भरती-ओहोटीचे प्रतिबल जेमतेम काही किलोपास्कल. तरी कंपांची तीव्रता सु. १२.४ तासांच्या चक्राने बदलते. दूरच्या भूकंपाचे पृष्ठतरंगही कंप जागवितात, उदा., अलास्कातील २००२ च्या डेनाली भूकंपाने व्हँकूव्हर बेटाखाली.

मंद सरकण्याचा अग्रभाग दिवसाला सु. १० किमी. पुढे जातो व कंप त्याच्याबरोबर चालतात. मोठे भूकंप घडविणारा जखडलेला भाग याच्या वर, समुद्राच्या बाजूस असतो. प्रत्येक सरकण्याने त्यावरील प्रतिबल किंचित वाढते. यावरून भूकंपाचे भाकीत मात्र करता येत नाही. खंदकाजवळही (भूपट्ट जेथे खाली शिरू लागतो त्या समुद्रतळावरील खोल घळीजवळही) उथळ कंप होतात. ईशान्य जपानखालील जुन्या, थंड पॅसिफिक भूपट्टावर मात्र नैर्ऋत्येसारखा खोल कंपपट्टा आढळलेला नाही.