पातळ पत्र्यातले तिकोनी भोक

दीड मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात २० मिलिमीटर व्यासाचे भोक पाडणे हे तेवढेच भोक जाड पट्टीत पाडण्यापेक्षा सोपे असले पाहिजे, असा एक सर्वसाधारण समज आहे; कापायचा धातू कमी, म्हणून कष्टही कमी. पुण्याजवळच्या भोसरीत किंवा चाकणला विजेची कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या अनुभवी फिटरला मात्र हा हिशेब पटणार नाही. पट्टीत सरळ आणि शांतपणे उतरणारे साधे ड्रिल पत्र्यात शिरताच थरथरते, पत्रा उचलते आणि शेवटी जे भोक पाडते ते गोल नसते. याचे कारण धातूच्या कठीणपणात नसून भूमितीत आहे.

आपल्या नेहमीच्या पीळदार ड्रिलच्या टोकाचा कोन बहुधा ११८ अंशांचा असतो. शाळेतली त्रिकोणमिती वापरली, तर या टोकाची उंची ड्रिलच्या व्यासाच्या सुमारे ०.३ पट येते. म्हणजे २० मिलिमीटरच्या ड्रिलला ६ मिलिमीटरचे टोक असते. पत्रा दीड मिलिमीटरचाच असल्यामुळे टोक खालच्या बाजूने बाहेर डोकावते, तेव्हा वरच्या बाजूचे भोक जेमतेम ५ मिलिमीटरचे झालेले असते. उरलेले १५ मिलिमीटर कापताना टोकाखाली धातू नसतो आणि ड्रिलच्या कडांना टेकायला पूर्ण व्यासाची भिंतही अजून तयार झालेली नसते. जाड पट्टीत ड्रिलला आधी टोकाचा आणि मग भिंतीचा आधार मिळतो. पातळ पत्र्यात मधला सगळा काळ ते निराधार फिरत असते.

त्या निराधार काळात दोन गोष्टी घडतात. पहिली सर्वांच्या परिचयाची आहे. ड्रिलचा पीळ साधारण ३० अंशांचा असतो आणि विरोध करायला पुरेसा धातू नसला की तो स्क्रूसारखा पत्र्यात शिरून पत्र्याला वर ओढतो. धार अडकते, आणि पत्रा नीट बांधलेला नसेल तर तो ड्रिलबरोबर गरगरा फिरू लागतो. दुसरी गोष्ट कमी जणांच्या लक्षात येते, परंतु माझ्या मते या सबंध विषयातली ती सर्वांत सुंदर गोष्ट आहे: दोन धारांचे ड्रिल तीन कोपऱ्यांचे भोक पाडते.

दोन धारा एकमेकींच्या बरोबर समोर असतात आणि त्यांच्या बाहेरच्या टोकांमधले अंतर कायम असते. ड्रिलचा मध्य घट्ट धरलेला नसेल, तर तो थोडाफार भटकणारच. पण तो कसाही भटकू शकत नाही. ड्रिल अर्धा फेरा फिरले की पहिली धार दुसरीच्या जागी आणि दुसरी पहिलीच्या जागी येते, म्हणजे ड्रिलच्या दृष्टीने सारे पूर्ववत होते. पहिल्या धारेने जी भिंत कोरली, तीच दुसऱ्या धारेला जुळायची असेल, तर मध्यालाही दर अर्ध्या फेऱ्यानंतर आपल्या मूळ जागी परतावे लागते. ही अट पाळणारी एक अगदी साधी चाल अशी, की मध्य एका लहानशा वर्तुळात ड्रिलच्या उलट दिशेने फिरतो आणि ड्रिलच्या एका फेऱ्यात त्याचे दोन फेरे होतात. आता धारेच्या टोकाचा मार्ग पाहू. ड्रिलच्या फिरण्याने धार एका दिशेने एक फेरा घेते, त्याच वेळी तिचा मध्य उलट दिशेने दोन फेरे घेतो. या दोन गतींमधला सापेक्ष फरक तीन फेऱ्यांचा होतो. म्हणून एका फेऱ्यात मध्याचे सरकणे आणि धारेची दिशा तीन वेळा एकाच रेषेत येतात व तिथे भिंत बाहेर ढकलली जाते. त्यांच्यामधल्या तीन ठिकाणी ती आत राहते. या दोन गतींची बेरीज कागदावर बिंदूबिंदूने मांडून पाहिली, तर गोलसर कोपऱ्यांचा त्रिकोण आपोआप उमटतो.

हा आकार जर्मन अभियंते फ्रान्झ रूलो (१८२९–१९०५) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्रिकोणाचा जवळचा नातलग आहे. रूलो त्रिकोणाची रुंदी कोणत्याही दिशेने मोजली तरी सारखीच भरते, आणि आपल्या भोकाच्या बाबतीतही हे जवळजवळ खरे ठरते. त्यामुळे व्हर्नियर आत घालून भोक चार दिशांनी मोजले, तरी प्रत्येक वेळी २० मिलिमीटर येऊ शकतात आणि तरीही २० मिलिमीटरची गोल पिन त्यात जात नाही. केबल ग्लँडचे, म्हणजे पॅनेलमध्ये शिरणाऱ्या केबलला घट्ट धरणाऱ्या जोडाचे, रबर अशा भोकावर कितीही आवळले तरी कोपऱ्यांतून फट राहण्याचा धोका असतो आणि पावसाळ्यात पाणी नेमके तिथून शिरते. गोलाईची परीक्षा दोन बिंदूंमधल्या अंतराने पूर्ण होत नाही. त्यासाठी गोल गेज किंवा निदान अचूक मापाची पिन वापरावी लागते.

स्टेप ड्रिल या दुखण्यावर मुळातूनच उपाय करते. एकावर एक ठेवलेल्या, वाढत्या व्यासाच्या चकत्यांसारख्या पायऱ्या, असे त्याचे रूप असते. ८ मिलिमीटरच्या पायरीची धार पत्र्याला लागते, तेव्हा आधीची ६ मिलिमीटरची पायरी तिने स्वतःच पाडलेल्या भोकात बसलेली असते आणि मध्याला भटकू देत नाही. प्रत्येक पायरी चहूबाजूंनी केवळ १ मिलिमीटर रुंदीचे कडे कापते. खाचा बहुधा सरळ किंवा अगदी कमी पिळाच्या असल्यामुळे पत्रा वर ओढला जाण्याचा धोकाही बराच घटतो. वरच्या बाजूची बर, म्हणजे भोकाच्या कडेला उरलेला धातूचा खरखरीत काठ, पुढच्या पायरीच्या तिरक्या कडेने हलकेच साफ करता येते, मात्र त्या पायरीला आत उतरू देता कामा नये.

ही सारी व्यवस्था एका अटीवर चालते: पत्र्याची जाडी पायरीच्या उंचीपेक्षा कमी असली पाहिजे. पॅनेलसाठी नेहमी वापरला जाणारा १४ किंवा १६ गेजचा, म्हणजे सुमारे २ ते १.६ मिलिमीटरचा सीआरसीए (थंड अवस्थेत लाटून मग तापवून मऊ केलेला पोलादी) पत्रा ही अट सहज पाळतो. जाड पट्टीत मात्र दोन-तीन पायऱ्या एकदम कापू लागतात, मनगटावरचा पीळ अचानक वाढतो आणि हवे ते भोक आरपार होण्याआधीच पुढची पायरी वरून ते मोठे करू लागते.

पायऱ्या नसलेले, शंकूसारखे सलग निमुळते ‘कोन ड्रिल’ हवे त्या मापावर थांबवता येते, हा त्याचा गुण आहे. पण त्याच कारणाने भोकाची भिंतही निमुळती होते. शंकूचा एकूण कोन २० अंश धरला, तर २ मिलिमीटर पत्र्यात वरच्या आणि खालच्या व्यासांत ०.७ मिलिमीटरचा फरक पडतो. पातळ पत्र्यात किंवा प्लास्टिकच्या डब्यात हे चालून जाते, ग्लँडसाठी चालत नाही. स्टेप ड्रिल घेतानाही आपल्याला लागणारे माप त्यावर आहे की नाही, हे आधी पाहावे. ‘२२ मिलिमीटर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुश-बटणाला प्रत्यक्षात सुमारे २२.५ मिलिमीटरचे भोक लागते, आणि २-२ मिलिमीटरने वाढणाऱ्या ४ ते ३२ च्या ड्रिलवर ती पायरीच नसते.

पुण्याच्या बाजारात, तपकीर गल्लीत किंवा बोहरी आळीत गेल्यास सोनेरी रंगाची ड्रिले चढ्या गुणवत्तेची म्हणून पुढे केली जातात. तो रंग टायटॅनियम नायट्राइडचा असेल, तर तो थर खरोखरच अतिशय कठीण असतो व घर्षण कमी करतो. परंतु त्याची जाडी काही मायक्रॉनच असते आणि खालचे पोलाद हलके असेल, तर सोनेरी मुलामा त्याला वाचवू शकत नाही. शनिवारी लोखंड खरेदी करू नये, अशी समजूत बाळगणारी माणसे अजूनही भेटतात. वार पाहण्याऐवजी ड्रिलवर एचएसएस (हायस्पीड स्टील) हा शिक्का आणि मापांची स्पष्ट कोरणी आहे का, हे पाहणे अधिक उपयोगाचे. स्टेनलेस स्टीलसाठी कोबाल्ट मिसळलेले हायस्पीड स्टील घ्यावे.

वापरताना सर्वाधिक नुकसान वेगामुळे होते. कापण्याचा खरा वेग धारेचा असतो, आणि तो व्यासाबरोबर वाढतो. साध्या पोलादासाठी मिनिटाला २५ मीटर हा वेग धरला, तर ६ मिलिमीटरच्या पायरीला मिनिटाला सुमारे १३०० फेरे चालतात, २० मिलिमीटरला ४०० आणि ३२ मिलिमीटरला जेमतेम २५०. हातातल्या मशीनचे बटण पूर्ण दाबून २८०० फेऱ्यांवर २० मिलिमीटरची पायरी चालवली, तर धारेचा वेग १७५ मीटरच्या पुढे जातो, म्हणजे योग्य वेगाच्या सात पट. हायस्पीड स्टील सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत आपला कठीणपणा टिकवते, पण अशा वेगात धारेचा सूक्ष्म कोपरा त्याहून तापू शकतो. म्हणून पायरी वाढेल तसा वेग उतरवावा, मशीनचा हॅमर (ठोके देत फिरण्याची सोय) बंद ठेवावा आणि थोडे कटिंग ऑइल लावावे. स्टेनलेसमध्ये वेग आणखी निम्म्यावर आणून दाब मात्र ठाम ठेवावा, कारण धार न कापता नुसती घासत राहिली तर तो धातू त्या जागी अधिकच कठीण होतो.

पत्रा क्लँपने बांधल्याखेरीज मशीन सुरू करू नये. हाताने धरलेला आणि सुटून फिरणारा पत्रा बोटे कापू शकतो. त्याखाली मधोमध मोकळी जागा असलेली लाकडी फळी ठेवावी, जागेवर सेंटर पंच मारावा आणि हव्या त्या पायरीवर मार्करने खूण करावी, कारण एक पायरी जास्त गेली की भोक पुन्हा लहान करता येत नाही. चष्मा हवाच, हातमोजे मात्र नकोत, फिरत्या चकात अडकलेला मोजा हातालाही ओढून नेतो. ओढणी आणि सैल बाह्या यांनाही हेच लागू आहे. प्रत्येक पायरी पार होताना दाब थोडा सोडावा. आधी बसवलेल्या पॅनेलमध्ये काम असेल, तर वीज तोडून, आतली उपकरणे झाकून मगच भोक पाडावे व कीस ब्रशने गोळा करावा. धातूचा एक लहानसा तुकडा दोन टर्मिनलांमध्ये पडला, तरी शॉर्टसर्किट होऊ शकते.

धार बोथट झाल्यास ती खाचेच्या आतल्या सपाट बाजूने घासावी. पायऱ्यांच्या बाहेरच्या गोलाईला दगड लावला, तर त्यांचे व्यास बदलतात आणि कोरलेली मापे खोटी ठरतात. आतून घासल्यावर त्या बाजूचा सोनेरी थर निघून जातो, पण कापण्याच्या कामात त्याने विशेष अडत नाही.