आरोग्य बीटची पार्श्वभूमी: नाव कुणाचं छापायचं, कुणाचं झाकायचं

आजार, वेलनेस, मानसिक स्वास्थ्य, एकटेपणा, नाती हे सगळं आता एकच पत्रकार कव्हर करतो आणि त्यातच आख्खं करिअर करतो. हीच आरोग्य बीट, बीट म्हणजे पत्रकाराकडे कायम सोपवलेला विषय. मराठी पेपरात हे बऱ्यापैकी अलीकडचं आहे. प्लेग, 1897 चा साथरोग कायदा आणि त्यानंतरचा टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला सगळ्यांना शाळेपासून माहीत आहे, म्हणून तिकडे जात नाही. 1927 ते 1953 मुंबईतले गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक जवळपास एकट्याने चालवलं, कोर्टकचेऱ्या सोसल्या, लैंगिक आरोग्यावर वाचकांच्या खाजगी प्रश्नांना उघड उत्तरं दिली. वाचकाशी असं नातं जोडणारं दुसरं काही त्यानंतर कितीतरी वर्षं झालं नाही, असं माझं मत.

आजची बीट खरी सुरू होते 1986 पासून. त्या वर्षाच्या सुरुवातीला मुंबईच्या जेजे हॉस्पिटलमध्ये भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळे 14 पेशंट गेले, न्यायमूर्तींचा चौकशी आयोग बसला, त्याची सुनावणी पेपरात येत राहिली आणि औषधखरेदी, लायसन्स, मंत्रालय हे सगळं आरोग्याच्या बातमीत आलं. त्याच वर्षी चेन्नईत देशातले पहिले एचआयव्हीचे रुग्ण सापडले. आणि इथूनच तो वाद सुरू झाला जो अजून मिटलेला नाही, पेशंटचं नाव आणि फोटो छापायचा का.

नव्वदच्या दशकात कामाठीपुऱ्यातल्या, म्हणजे मुंबईच्या वेश्यावस्तीतल्या, बायकांचे फोटो डोळ्यांवर काळी पट्टी मारून छापले जायचे, पट्टी मारली की झालं अशी समजूत, पण गावाकडच्या ओळखीच्या माणसाला साडीवरून, उभं राहण्यावरूनसुद्धा माणूस कळतो. डेस्कचं, म्हणजे ऑफिसात बातम्या संपादित करणाऱ्यांचं, म्हणणं असायचं की नाव नसेल तर वाचक विश्वास ठेवत नाही, चेहरा नसेल तर जीव लागत नाही. हे म्हणणं अगदीच खोटं नाही. आरोग्याची बातमी नुसत्या आकड्यांनी पोचत नाही, माणूस लागतोच.

मग 2009 चा ऑगस्ट. स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, 14 वर्षांची मुलगी. तिचं नाव, शाळा, फोटो सगळीकडे. ती आधी कुठे गेली, सरकारी हॉस्पिटलात का नाही गेली यावर इतकी चर्चा झाली की लेक गेलेल्या घरालाच जाब विचारल्यासारखं झालं. लोक मास्कसाठी धावत होते, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा होत्या, सगळे घाबरलेले होते हे मान्य, पण एका अल्पवयीन मुलीची ओळख छापून त्या रांगेतल्या एकाही माणसाचा फायदा झाला नाही.

आणि आता उलट बाजू बघा. त्याच काळातल्या आणि आजच्याही कितीतरी बातम्यांत पेशंटचं नाव, वय, गाव सगळं असतं आणि उपचार कुठे झाले तर 'शहरातील एका नामांकित खासगी रुग्णालयात'. सिव्हिलचं नाव लगेच छापलं जातं, ससूनचं छापलं जातं, खाजगी असलं की नामांकित. बदनामीच्या खटल्याची भीती असते, जाहिरातीही असतात. मला वाटतं या बीटमधला सगळ्यात मोठा चुकलेला निर्णय हाच, संरक्षण ज्याला हवं त्याला मिळालं नाही आणि ज्याला उत्तर द्यायचं होतं त्याला मिळालं.

2017 मध्ये दोन कायदे झाले, एक एचआयव्हीचा आणि एक मानसिक आरोग्याचा. पहिल्यात संमतीशिवाय कुणाची एचआयव्ही स्थिती उघड करायला मनाई आहे, दुसऱ्यात उपचार घेणाऱ्याची माहिती आणि फोटो त्याच्या संमतीशिवाय मीडियाला द्यायला. म्हणजे निर्णय डेस्ककडून पेशंटकडे गेला, निदान कागदावर.

तरी 9 मार्च 2020 ला राज्यातले पहिले कोरोना पेशंट, दुबईहून आलेलं पुण्यातलं जोडपं, समजले आणि त्यांची ओळख व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागली. पेपरवाल्यांनी यावेळी बरंच सांभाळलं, पण फॉरवर्डला संपादक नसतो. पुढे एप्रिलमध्ये मुंबईत 50 हून जास्त पत्रकार पॉझिटिव्ह निघाले, घरपोच पेपर टाकायला सरकारने बंदी घातली, नंतर ती मुंबई-पुण्याकडे आक्रसली. आरोग्य बीट पहिल्या पानावर कायमची आली ती तेव्हा, आणि बातमी देणारा स्वतःच पेशंट झाल्यावर पेशंटशी बोलण्याची रीत बदलली.

वेलनेसचं थोडक्यात. डायबिटीस, कॅन्सर बरा करण्याचे दावे जाहिरातीत करायला 1954 पासून बंदी आहे, तरी पुरवण्यांत ते येत राहिले. 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या दणक्यानंतर एका मोठ्या कंपनीला पेपरात जाहीर माफी छापावी लागली. जाहिराती छापणाऱ्यांवर मात्र फार कुणी बोललं नाही.

सध्या जोर आहे एकटेपणावर. ब्रिटनने 2018 मध्ये त्यासाठी मंत्री नेमला, जपानने 2021 मध्ये, आणि जून 2025 मधल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात दर 6 माणसांमागे 1 जण एकटेपणाने ग्रासलेला असल्याचं म्हटलंय. आपल्याकडे यावर लिहायचं तर मुलं परदेशात असलेले पुण्याचे आजी-आजोबा, कामासाठी शहरात एकटी राहणारी पोरं यांच्याशी बोलावं लागतं. इथे केसपेपर नाही, डॉक्टरचा बाइट नाही, माणूस सांगेल तेवढंच. आजोबा मोकळं बोलतात आणि मग म्हणतात, नाव नको हं, मुलाला वाईट वाटेल. तिथे नाव बदलायचं, सोसायटी आणि मजलासुद्धा बदलायचा, आणि छापण्याआधी त्यांना वाचून दाखवायचं.