ब्रुक्स कॅम्पचं आरक्षण: अर्ज नेमका कुठे अडतो

अलास्कातल्या कॅटमाई राष्ट्रीय उद्यानात ब्रुक्स नदी नॅकनेक तलावाला मिळते, तिथून जवळच ब्रुक्स कॅम्प ही तंबूंसाठी विजेच्या कुंपणातली एक साधी जागा आहे. पाणी, संडास, स्वयंपाकाच्या शेड आणि खाणं ठेवायची खोली एवढ्याच सोयी. आसपास दीड मैलात दुसरीकडे तंबू ठोकायला बंदी आहे. त्यामुळे जुलैत धबधब्यावर सॅमन पकडणारी अस्वलं बघायची असोत की नदीत गळ टाकायचा असो, तंबूत राहायचं तर आरक्षण इथलंच हवं.

ते रिक्रिएशन डॉट गव्ह या अमेरिकी सरकारच्या संकेतस्थळावर मिळतं आणि 5 जानेवारीला सकाळी 8 वाजता उघडतं. हे 8 अलास्कातले. बहुतेकांची गाडी इथेच घसरते. न्यू जर्सीतली मंडळी आपल्या सकाळी 8 ला बसतात, जागा मिळत नाही म्हणून संपल्या समजून उठतात. संपलेल्या नसतात, उघडलेल्याच नसतात! न्यू जर्सीत तेव्हा दुपारचे 12 वाजायला हवेत, सिअ‍ॅटलमध्ये सकाळचे 9, पुण्यात रात्रीचे साडेदहा. पुण्याहून दुसऱ्या दिवशी सकाळी बघणाऱ्यांनी जुलैची आशा सोडलेली बरी. खातं आदल्या दिवशीच उघडून ठेवा.

दुसरी अडचण मोजणीची. इथे तंबू नाही, माणसं मोजतात. एका रात्री एकूण 60 जण, शुल्कही माणशी. ‘एकाच तंबूत चौघं झोपू’ म्हणून एकाचंच आरक्षण केलंत तर उरलेल्या तिघांना जागा नाही. जुलैत जास्तीत जास्त 7 रात्री मिळतात. आरक्षण दुसऱ्याला देता येत नाही. ज्याच्या नावावर आहे तो फोटोचं ओळखपत्र घेऊन हजर हवा. भाच्याच्या नावावर काढून मामा गेला, असं चालत नाही.

मासेमारीचे कागद वेगळे, आणि तंबूचं आरक्षण हातात आलं की नेमके तेच विसरले जातात. अलास्काबाहेरच्या 16 वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला राज्याचा परवाना लागतो: एका दिवसाचा 15 डॉलर, सात दिवसांचा 45. ऑनलाइन मिळतो. किंग सॅमन या जातीचे मासे धरणार असाल तरच त्याचा जादा शिक्का घ्या. सॉकाय या लाल सॅमनसाठी त्याची गरज नाही. तिसरा कागद फारसा कुणाला ठाऊकच नसतो: नदीच्या पट्ट्यात उतरण्याचा ‘ब्रुक्स रिव्हर कॉरिडॉर’ परवाना. राज्याचा एक, उद्यानाचे दोन, सगळे एकाच अर्जात का मावत नाहीत हे सरकारलाच विचारा. आपण निघण्याआधी तिन्ही कागद एका फाइलीत लावायचे.

नदीत फक्त फ्लाय फिशिंग, म्हणजे गळाला नकली माशी लावून केलेली मासेमारी चालते, आमिष नाही. नदीवरच्या पुलापासून प्रवाहाच्या खालच्या अंगाला दिवसाला एक मासा ठेवता येतो, वरच्या अंगाला एकही नाही. ठेवलेला मासा तिथे साफ करायचा नाही. लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गोठवणीच्या खोलीत नेऊन ठेवायचा. अस्वल 50 यार्डांच्या आत येत असेल तर मासेमारी थांबवून मागे सरायचं, गळाला कितीही मोठा मासा लागलेला असो.

पोचल्यावर अस्वलांबद्दलचा छोटा वर्ग सक्तीचा आहे. तो झाल्यावर चकल्या, लोणचं, लाडू सगळं खाणं ठेवायच्या खोलीत जातं. टूथपेस्ट आणि खोबरेल तेलसुद्धा. वासाची एकही वस्तू तंबूत नको. ‘एवढीशी तर डबी आहे’ हा युक्तिवाद अस्वलापुढे टिकत नाही आणि रेंजरपुढे तर मुळीच नाही.

रस्ता तिथवर जात नाही. अँकरेजहून किंग सॅमन गावापर्यंत विमान, पुढे बहुतेक जण पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने जातात. स्टोव्हचं इंधन आणि अस्वलांवर मारायचा स्प्रे प्रवासी विमानात हातातल्या किंवा चेक-इन, कुठल्याच बॅगेत चालत नाही. स्प्रे किंग सॅमनला विकत घ्या आणि छोट्या विमानात चढण्याआधी वैमानिकाला सांगा.