पार्सल कोणाकडे द्यायचं? डिस्पॅचच्या नियमांची पार्श्वभूमी

दिवाळीच्या तोंडावर इंदूरहून शेव-चिवड्याची खोकी पुण्याला, नागपूरला, बंगळुरूला जातात. इथल्या मराठी घरांत कोणाची ना कोणाची लेक-सून तिकडे असतेच. ऑर्डर पडली की खोकं कोणत्या कुरिअरकडे जाणार, हे आता आधी लिहून ठेवलेल्या नियमांवरून सॉफ्टवेअर ठरवतं. पूर्वी ते दुकानातल्या डिस्पॅचवाल्या काकांच्या डोक्यात असायचं. नाशिकचा माल आग्रा-मुंबई रोडच्या ट्रान्सपोर्टला, त्याची बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, लगेच फाडायची. कोकणातल्या आडगावाला मात्र पोस्टच. काका रजेवर गेले की पार्सलं अडायची.

अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळ्यांनी असं ज्ञान कागदावर उतरवलं. पुरवठादारांना त्या छापील पुस्तिका द्यायच्या: इतक्या वजनापर्यंत पार्सल सेवा, त्यापुढे ट्रक, अमुक गोदामासाठी तमुक वाहतूकदार. 1980च्या मोटर कॅरिअर कायद्याने ट्रकवाहतुकीवरचं सरकारी नियंत्रण बरंच ढिलं झालं. दरांची स्पर्धा सुरू झाली, तशी निवड करण्यातही कमाई दिसू लागली. पुढे त्याच पुस्तिकांतले ‘असं असेल तर तसं करा’ संगणकात गेले. 2011 साली अमेरिकेत ऑस्टिनमध्ये निघालेल्या शिपस्टेशनसारख्या पार्सल पाठवण्याच्या ऑनलाइन सेवांनी ही सोय छोट्या ऑनलाइन दुकानदारापर्यंत आणली.

आपल्याकडची गोष्ट वेगळी, कारण आधी पत्ताच संगणकाला कळायला हवा होता. ते काम पिनकोडने केलं. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने मांडलेली ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली. गावांच्या नावांतला गोंधळ आणि नाना लिप्यांतले पत्ते यांवर तो तोडगा होता. कुरिअरचा त्यात विचारही नव्हता. तरी आज प्रत्येक कुरिअर कंपनी आपण कुठे पोचतो हे पिनकोडांच्या यादीनेच सांगते. ही यादी आधी एक्सेलमध्ये यायची, आता सॉफ्टवेअर थेट विचारून घेतं.

पण पिनकोड टपालाच्या सोयीने पाडलेला आहे, हे नियम लिहिताना विसरतात. ‘452ने सुरू होणारं ते लोकल’ असा नियम इंदुरात सहज लिहिला जातो, आणि शेजारच्या महूचा 453441 त्यातून निसटून लांबच्या दरात जातो.

दुसरा आपला खास मुद्दा दारात पैसे घेण्याचा. टपालखात्याची व्हीपीपी, म्हणजे पोस्टमनने पैसे घेऊन पार्सल देण्याची सोय, 1877 पासूनची. ऑनलाइन खरेदीत फ्लिपकार्टने 2010 मध्ये कॅश ऑन डिलिव्हरी (सीओडी) आणली आणि ‘सीओडी आहे का?’ ही अट आपल्याकडच्या नियमांत वर जाऊन बसली. ते योग्यच आहे. गिऱ्हाइकाने दारातून परत पाठवलेल्या पार्सलाचं जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही भाडं साधारणपणे विकणाऱ्याच्याच माथी येतं. 2018 पासून ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवर काढायचा परवाना, आलं आणि राज्याबाहेर जाणाऱ्या 50,000 रुपयांवरच्या मालासाठी आणखी एक अट वाढली.

वजनाचा नियम दिसतो साधा, पण तो फसवा. चिवड्याचं 40×30×20 सेंटिमीटरचं खोकं काट्यावर 2 किलो भरेल; कुरिअरवाला मात्र खोक्याने अडवलेली जागा मोजतो: लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार 24,000, त्याला 5,000ने भागून 4.8 किलोचे पैसे लावेल. नियमात काट्याचं वजन घातलं तर निवड भलत्याच दराने होते.

बहुतेक सॉफ्टवेअर नियम वरून खाली वाचतं आणि पहिला जुळला की थांबतं. ‘अर्ध्या किलोखालचं सगळं स्वस्त कुरिअरला’ हा नियम वर आणि सीओडीचा खाली असेल, तर 400 ग्रॅमचं सीओडी पार्सल त्या पिनकोडवर रोकड न घेणाऱ्याच्या गळ्यात पडू शकतं. म्हणून अपवाद वर, सर्वसाधारण खाली, आणि सगळ्यांत शेवटी एक बिनशर्त नियम. तो नसेल तर कशातच न बसणारी ऑर्डर लेबलाविना स्क्रीनवर पडून राहते.