युजर प्रोफाइलची दुरुस्ती (घरगुती संगणक)

विंडोजवर चालणाऱ्या संगणकात प्रत्येक वापरकर्त्याचा स्वतंत्र कप्पा असतो. डेस्कटॉपवरच्या फायली, ब्राउझरचे बुकमार्क, कीबोर्डच्या भाषा, नेहमीचा प्रिंटर हे सगळे त्यात राहते. यालाच युजर प्रोफाइल म्हणतात. ते बिघडून खाते उघडेनासे झाले, तर पूर्ववत करण्याच्या कामाची ही नोंद आहे. व्हिस्टापासून प्रोफाइल सी ड्राइव्हवरील ‘युजर्स’ फोल्डरात असते. त्यातल्या ‘एनटीयुजर.डॅट’ या लपवलेल्या फाइलमध्ये वापरकर्त्याची विंडोजमधली बहुतेक सेटिंग्ज साठवलेली असतात. लॉगिन होताना विंडोज ही फाइल वाचते आणि बिघाड बहुधा इथेच होतो.

फाइल वाचता आली नाही, तर ‘युजर प्रोफाइल सर्व्हिस फेल्ड’ असा संदेश येतो किंवा विंडोज तात्पुरते प्रोफाइल उघडून देते. डेस्कटॉप कोरा दिसतो, फोटो आणि कागदपत्रे गायब झाल्यासारखी वाटतात. घरातले घाबरतात ते इथे. प्रत्यक्षात फायली बहुतेक वेळा जुन्या नावाच्या फोल्डरात जशाच्या तशा असतात. मात्र तात्पुरत्या प्रोफाइलच्या डेस्कटॉपवर नव्याने ठेवलेले काहीही साइन आउट करताच पुसले जाते. म्हणून तिथे काम सुरू करू नये.

डिस्कवर माहिती लिहिली जात असताना वीज जाणे, अपडेट अर्धवट राहणे, खराब होत चाललेली हार्ड डिस्क, फाइल अडवून धरणारा अँटिव्हायरस ही नेहमीची कारणे. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो आणि उष्णतेने यूपीएसच्या बॅटरीचे आयुष्य घटते. बॅटरी दमलेली असली, की वीज जाताच संगणकही त्याच क्षणी बंद पडतो. यंत्रमागाचा किंवा शिलाईचा व्यवसाय असलेल्या घरात एकाच संगणकावर टॅलीचा हिशेब, मुलांचा अभ्यास आणि मराठी, तेलुगू, कन्नड टायपिंग चालते. भाषांचे कीबोर्ड प्रोफाइलमध्ये असल्याने तेही नाहीसे होतात. टॅलीचा डेटा मात्र सहसा ‘पब्लिक’ फोल्डरात असतो आणि वाचतो.

अशा वेळी ‘फॉरमॅट मारून देतो’ (म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकतो) हे उत्तर सर्रास मिळते. ते स्वीकारण्याची घाई करू नये. जुन्या फोल्डराची प्रत आधी पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. तोवर दुसऱ्या कशाला हात लावू नये. मग एक-दोनदा रीस्टार्ट करून पाहावे, कारण अँटिव्हायरसने फाइल धरून ठेवली असेल तर तेवढ्यानेच काम होते. डिस्क तपासणीही याच टप्प्यावर करावी. डिस्कच मरायला टेकली असेल, तर पुढची सारी दुरुस्ती वाया जाते.

खरी दुरुस्ती रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत आहे. सेफ मोडमध्ये (मोजक्याच गोष्टींसह विंडोज सुरू करून) किंवा दुसऱ्या अ‍ॅडमिन खात्यातून रजिस्ट्री एडिटर उघडून ‘प्रोफाइललिस्ट’ ही की, म्हणजे नोंदींचा कप्पा, गाठावी आणि बदलाआधी ती एक्स्पोर्ट करून (तिची प्रत काढून) ठेवावी. तिथे ‘एस-१-५-२१’ने सुरू होणाऱ्या लांब क्रमांकाच्या दोन सारख्या नोंदी दिसल्या आणि एकीच्या शेवटी ‘.बॅक’ (.bak) असले, तर दोष सापडला. ‘.बॅक’ नसलेल्या नोंदीला वेगळे नाव द्यावे, दुसरीचे ‘.बॅक’ काढावे. तिच्यातील ‘प्रोफाइलइमेजपाथ’ जुन्याच फोल्डराकडे बोट दाखवतो ना, हे पाहावे. ‘स्टेट’ व ‘रेफकाउंट’ या किमती असतील, तर त्या ० कराव्यात आणि संगणक पुन्हा सुरू करावा.

एवढ्याने भागले नाही, तर बहुधा एनटीयुजर.डॅटच खराब झालेली असते. मग नवे खाते काढून त्यात एकदा लॉगिन करावे आणि जुने-नवे सोडून तिसऱ्या अ‍ॅडमिन खात्यातून जुन्या फायली तिकडे न्याव्यात. ‘एनटीयुजर’ने सुरू होणाऱ्या फायली मात्र वगळाव्यात, नाहीतर बिघाडही सोबत जातो. ब्राउझरने जपलेले पासवर्ड जुन्या खात्याशी बांधलेले असतात, ते नव्या खात्यात सहसा उघडत नाहीत. विंडोजच्या सोयीने कूटबद्ध केलेल्या फायलींसाठी जुन्या खात्याचे डिजिटल प्रमाणपत्र लागते; ते आधी जपून ठेवले नसेल, तर त्या हाती लागणे फार कठीण.

जुने प्रोफाइल काही आठवडे तसेच राहू द्यावे. काढताना सिस्टिम प्रॉपर्टीजमधील ‘युजर प्रोफाइल्स’मधूनच काढावे. नुसता फोल्डर उडवला, तर त्याची नोंद रजिस्ट्रीत उरते आणि त्या खात्यात पुन्हा तात्पुरते प्रोफाइल उघडते.